समुद्रकाठच्या अम्मनचे डोळे

सिसिली बेटाच्या एका टोकाला ते गाव आहे. जमिनीची एक निमुळती पट्टी समुद्रात शिरलीय आणि तिच्यावर पिवळ्या दगडाची जुनी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. गल्लीच्या या टोकाला बघा, समुद्र. त्या टोकाला बघा, समुद्र. गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. मी तिथे गेलो तो हवा खायला नव्हे. एका अम्मनचे, म्हणजे देवीआईचे, डोळे उघडायला गेलो.

हे नीट सांगायला हवं. मी कुंभकोणमचा, मेलकावेरीत राहतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आले आणि राहिले. महाराष्ट्रातून कुणी पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतो. पोथी वाचल्यासारखं बोलता, म्हणतो. शाळा मी नववीत सोडली. गणित मला कंटाळलं होतं आणि मी गणिताला. वडील काही बोलायच्या आत आईने मला बसमध्ये घातलं, स्वामीमलैला नेलं आणि एका पट्टरैत उभं केलं. पट्टरै म्हणजे पंचधातूच्या मूर्ती ओतायची जागा. तिथल्या आसारींनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडवणाऱ्या घरातल्या कर्त्या माणसाने, माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "बोटं बरी आहेत. डोक्याचं नंतर बघू," म्हणाले. डोक्याचं बघायचं राहूनच गेलं. मी अजून तिथेच आहे, आणि ज्या दोघांनी मला तिथे उभं केलं आणि ठेवून घेतलं, त्यांचे उपकार मी रोज हात धुताना आठवतो.

आमच्याकडे मूर्ती आधी मेणाची होते. मग तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती चढते, मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. माती फोडली की आतून जे निघतं ते काळपट, ओबडधोबड असतं. तिथून पुढे माझं काम. कानशीने घासायचं, छिन्नीने दागिने, बोटांची नखं, वस्त्राच्या चुण्या कोरायच्या. डोळे मात्र राखून ठेवायचे. ते सोललेल्या बदामासारखे गुळगुळीत असतात, आणि प्रतिष्ठेच्या दिवशी आसारी स्वतः ते कोरतात. त्याला डोळे उघडणं म्हणतात. त्याआधी ती मूर्ती नसते, धातू असतो. पापणीच्या कडेपर्यंत माझी हद्द. आतली जागा आसारींची.

त्या सिसिलीतल्या गावात इलंगै, म्हणजे श्रीलंकेच्या, तमिळ लोकांची काही घरं आहेत. यादवीच्या वेळी जाफन्याकडून निघाले आणि कुठे कुठे थांबत तिथे पोचले. हॉटेलात स्वयंपाक करतात, भांडी घासतात, होड्या रंगवतात. बंदराजवळ एक जुनं मिठाचं कोठार भाड्याने घेऊन त्यांनी देऊळ केलं होतं. तिथे इतकी वर्षं अम्मनची तसबीर होती. आता त्यांनी आमच्याकडून हातभर उंचीची अम्मन करून घेतली होती. ती जहाजाने पुढे गेली. मागून आसारींनी आणि मी विमानाने जायचं होतं.

मला व्हिसा मिळाला. आसारींना मिळाला नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. आयुष्यभर घासून घासून त्यांच्या बोटांवर रेघाच उरलेल्या नाहीत, मशीनवर ठसा उमटेना, एवढं आम्ही पाहिलं होतं. त्यामुळे असेल, नसेलही.

"तू जा," ते म्हणाले.

"डोळे कोण उघडणार?"

"तूच. दुसरं कोण चाललंय?"

मग त्यांनी मला पितळी पत्र्यावर नुसते डोळे कोरायला बसवलं. सकाळी डोळे, दुपारी डोळे. घरी ताटात इडली आली तरी मला तिच्यावर पापण्या दिसायला लागल्या. बायको म्हणाली, "अहो, इडलीकडे असे बघूं नका, तिला भय वाटेल." ती हे म्हणाली आणि मला त्या आठवड्यातली पहिली झोप लागली.

चूक झाली ती सामान भरताना. आमच्या छिन्न्यांना आयुधपूजेला हळदीकुंकू लागतं. त्यांच्यावरून पाय गेला तर आम्ही हात लावून डोळ्यांना लावतो. बायकोने मोठ्या बॅगेत नेसायच्या वेष्टी, सांबारपूड, लोणचं आणि माझ्या चपला भरल्या. आता चपलांशेजारी छिन्न्या कशा घालायच्या? हे विचार करून ठरवावंसुद्धा लागलं नाही, इतकं ते उघड होतं. छिन्न्या धुतलेल्या पंच्यात गुंडाळून मी खांद्यावरच्या पिशवीत ठेवल्या, विभूती आणि कापराशेजारी.

चेन्नईच्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी तो पंचा उलगडला.

"हे काय?"

"छिन्न्या आहेत मॅडम. देवीच्या डोळ्यांसाठी."

"टोकदार वस्तू वर नेता येत नाही. मोठ्या बॅगेत का नाही टाकल्या?"

"तिच्यात चपला आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग छिन्न्यांकडे. आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "मला कळतं अण्णा. नियमाला नाही कळत."

मोठी बॅग तोवर पोटात गेली होती विमानाच्या. आसारींचा मुलगा बाहेर थांबला होता, त्याला फोन करून छिन्न्या परत पाठवल्या. माझ्याकडे उरली ती खिशातल्या कापराच्या डबीतली सोन्याची सळई. गवताच्या काडीएवढी. डोळे उघडताना पहिली रेघ तिने नुसती फिरवतात. कापत ती काहीच नाही, ओठाने दाबली तरी वाकेल. कापणारं मागे राहिलं आणि न कापणारं घेऊन मी विमानात बसलो. दर थोड्या वेळाने पासपोर्ट चाचपत होतो, जणू तो असला म्हणजे सगळं असणार आहे.

तिथे मला एका अक्कांच्या घरी उतरवलं होतं. अक्का हॉटेलात स्वयंपाकीण, नवरा होड्या दुरुस्त करायच्या आवारात कामाला. त्याला मी अण्णै म्हणायला लागलो, कारण तिथे सगळे तसंच म्हणत. त्यांचं तमिळ ऐकून मला फार घरच्यासारखं झालं. 'हो'ला आम्ही 'आमा' म्हणतो, तिथे ते 'ओम' म्हणतात. आमच्याकडे केव्हाच मोडीत निघालेले शब्द त्यांच्या तोंडी अजून रोजच्या वापरात. मला वाटलं, यांनाही कुणी चेन्नईचा पाहुणा हसत असेल.

जेवण होताच अक्का म्हणाल्या, "तंबी, हत्यारं दे. देव्हाऱ्यात ठेवते."

मी सांगितलं. चपलांसकट सांगितलं, कारण अर्धं सांगून चालणार नव्हतं. अक्कांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"म्हणजे चपला सुखरूप आल्या," त्या म्हणाल्या.

अण्णैला हसू आवरेना. मग त्याचं हसू थांबलं, कारण तो बुधवार होता. भटजी दुसऱ्या शहरातून गुरुवारी यायचे होते आणि शुक्रवारी दुपारी परत जायचे होते. शुक्रवारी सकाळचा मुहूर्त चुकला तर पुढे आडी महिना, त्यात प्रतिष्ठा करत नाहीत. लोकांनी मालकांच्या हातापाया पडून रजा काढल्या होत्या. आणि डोळे न उघडलेल्या अम्मनला कुणी अभिषेक घालत नाही. माझ्या चपलांपायी गावची देवी आंधळी राहणार, असं मला त्या रात्री अंथरुणात स्पष्ट दिसलं.

गुरुवारी सकाळी अण्णै मला हत्यारांच्या दुकानात घेऊन गेला. तिथल्या छिन्न्या भिंत फोडायच्या. दुकानदाराने माझी बोटांनी दाखवलेली जाडी पाहिली आणि ओठ बाहेर काढून मान हलवली. अक्कांनी सांगितलं होतं की गावात पूर्वी पोवळं कोरणारे कारागीर होते. ते दुकान सापडलं. पोवळ्याच्या माळा होत्या, पण कोरणारे गेले, आणि त्यांची हत्यारं काचेच्या कपाटात, खाली पाटी लावून. काचेला नाक लावून मी ती पाहिली. अगदी माझ्या छिन्न्यांच्या बहिणी. अण्णैने विचारून पाहिलं, उसनी मिळतील का. दुकानातल्या मुलीने इतक्या गोड आवाजात नाही म्हटलं की आम्हीच तिचे आभार मानले.

तोवर ऊन डोक्यावर आलं आणि सगळं गाव दारं लावून बसलं. अण्णै म्हणाला, आता चारपर्यंत काही नाही, आवारही बंद. आमच्या कुंभकोणमला देवळं दुपारी अशीच बंद होतात आणि यात्रेकरू सावली धरून पेंगत बसतात. इथे मी यात्रेकरू झालो.

अण्णै घरी जाऊन पडला. मला पडवेना. मी एकटाच गल्ल्यांतून निघालो. फरशा इतक्या वापरलेल्या की देवळातल्या गाभाऱ्यापुढच्या दगडासारख्या चकचकीत. डोक्यावर दोरीवर चादरी, खिडकीच्या आत कुणीतरी ताटल्या आवरतंय. बाल्कन्यांना आधार द्यायला खाली दगडी तोंडं कोरलेली, गाल फुगवलेली, जीभ काढलेली. समुद्राच्या वाऱ्याने त्यांची नाकं खाल्ली होती. एका चर्चचं दार किलकिलं होतं, आत गेलो. रंगवलेल्या लाकडी मूर्ती होत्या, आणि मी प्रत्येकीच्या डोळ्यांकडेच बघत होतो. काहींना काचेचे डोळे. काहींना बुबुळाच्या जागी नुसतं एक भोक, आणि त्या भोकातली सावलीच बघते आपल्याकडे. हे कुणी कधी केलं असेल, आमच्यासारखं सगळ्यात शेवटी केलं असेल का. एका आईच्या मूर्तीपुढे बराच वेळ उभा होतो. तिच्या उजव्या डोळ्यापेक्षा डावा किंचित खाली होता. कुणाच्या तरी हाताने तिथे थोडं कमीजास्त केलं होतं आणि शेकडो वर्षं लोक त्याच डोळ्यांपुढे रडत होते. मला त्याने धीर आला, असं म्हणायला हरकत नाही.

गावाच्या पलीकडे मिठागरं आहेत, वेदारण्यमला आहेत तशीच, चौकोन चौकोन, कडेला मिठाचे ढीग. फक्त इथे पवनचक्क्या आहेत आणि ढिगांवर कौलं घातलेली. ती पाहून गावाच्या टोकाला, समुद्रात उभ्या असलेल्या जुन्या किल्ल्यापर्यंत गेलो. तीन बाजूंनी पाणी होतं. कावेरीत आम्ही गुडघाभर पाण्यात उभं राहून वाढलेली माणसं. एवढं पाणी एकदम बघायची सवय नाही. तिथे उभं असताना मनात आलं की छिन्नी विकत मिळत नसेल तर करावी लागेल. यात हुशारी काही नव्हती. दुसरं काही उरलंच नव्हतं.

चार वाजता मी अण्णैला उठवून हे सांगितलं. तो म्हणाला, "येतं तुला?"

"छिन्नी घडवता येते. तिला पाणी देता येत नाही."

हे खरं होतं. पोलाद लाल करून बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं. मग परत जरा तापवून त्याचा हट्ट मोडायचा. त्याला पाणी देणं म्हणतात. स्वामीमलैत हे काम आम्ही करत नाही. रेल्वे फाटकाजवळ एक लोहार आहे, सगळ्या पट्टरैंच्या छिन्न्या त्याच्याकडे जातात. आम्ही तिथे चहा पीत गप्पा मारतो. इतकी वर्षं मी त्याच्यासमोर बसून चहाच प्यायलो होतो.

होड्यांच्या आवारात एक म्हातारा मिस्त्री होता, अण्णैचा मालक म्हणा, दोस्त म्हणा. अण्णैने त्याला त्याच्या भाषेत सगळं सांगितलं. मध्येच माझ्या पायांकडे बोट दाखवलं, तेव्हा चपलांपर्यंत गोष्ट आली असं मी समजलो. म्हातारा खोकेपर्यंत हसला आणि झिजलेल्या गोल कानशींचा डबा माझ्यापुढे ओतला. जुनी कानस म्हणजे चांगलं पोलाद. गॅसच्या ज्योतीवर त्या लाल करून, ठोकून, घासून मी पेन्सिलीएवढ्या छिन्न्या घडवल्या. तोवर माझं बरं चाललं होतं.

पहिली लाल केली आणि बादलीतल्या पाण्यात बुडवली. होडीच्या पंख्याचं मोडकं पातं तिथे पडलं होतं, ब्राँझचं. त्याच्यावर टोक ठेवून हातोडी मारली तर टोक काचेसारखं उडालं. म्हाताऱ्याने इंजिनातल्या तेलाचा डबा पुढे केला. अक्का तोवर हॉटेलातून तशाच ॲप्रन घालून आल्या होत्या.

"ते नको," त्या म्हणाल्या. "अम्मनच्या डोळ्याला जाणारं हत्यार मळक्या तेलात घालणार का?"

"आमच्याकडे तिळाचं घेतात," मी म्हटलं.

"तिळाचं कुठून आणू? ऑलिव्हचं आहे."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली तसा म्हातारा पहिल्यांदा गंभीर झाला. अण्णैने भाषांतर केलं: तो म्हणतो, हे खायचं तेल आहे, त्याच्या भावाच्या झाडांचं आहे, त्यात लोखंड बुडवणाऱ्याला त्याची आई घरात घेणार नाही. अक्का म्हणाल्या, "सांग त्याला, आमच्या आईसाठीच बुडवतोय." हे सांगितल्यावर त्याने हात वर केले, पण बाटलीकडे शेवटपर्यंत दुःखाने बघत राहिला.

तेलात बुडवलेली दुसरी छिन्नी परत तापवताना मी घाबरून जास्त तापवली. ती पात्यावर वाकली, मेणाची असल्यासारखी. मग तिसरी तेलात बुडवून मी आसारींना व्हिडिओ लावला. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती, ते ओट्यावर बसले होते. मी फोन अण्णैच्या हातात दिला, म्हटलं माझ्या हाताकडे धर.

"घासून चकचकीत केलीस का आधी?" आसारी म्हणाले. "हां. आता मागच्या बाजूने ज्योत दे. रंग चढतील. फिका पिवळा, मग वाळल्या पेंढ्याचा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पेंढ्यावर थांबव."

मी ज्योत दिली. रंग सरकायला लागला.

"आता?" मी विचारलं.

"मला सगळं निळंच दिसतंय."

"निळं नाहीये ऐया. पेंढ्याच्या जवळ आलंय वाटतं."

"वाटतं म्हणजे काय? फोन जवळ ने." अण्णैने नेला. "आता राखाडी दिसतंय. हा फोन काही कामाचा नाही." मग म्हणाले, "अरे, मी तिथे नाही. मला विचारून काय होणार? फोन बंद कर आणि बघ."

आणि त्यांनीच बंद केला. रागावले की काय, मला कळलं नाही. ती छिन्नी तोवर जांभळी होऊन गेली होती.

पुढची तेलात बुडवली, घासली. आता विचारायला कुणी नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याने जीव हलका झाला. पेंढा मी काय कमी पाहिलाय? आमच्याकडे भात कापलं की लोक पेंढ्या डांबरी रस्त्यावर पसरतात, गाड्यांची चाकं त्यांच्यावरून जावीत म्हणून. बसमधून स्वामीमलैला जाताना खिडकीतून मी तेच बघत गेलोय. आज टाकलेला पेंढा हिरवट पिवळा, एक ऊन खाल्लेला वेगळा, दव पडून गेलेला आणखी वेगळा. मी एक ऊन खाल्लेल्या पेंढ्याची वाट पाहिली. टोकाशी तो रंग आला आणि मी छिन्नी तेलात टाकली. तेलाचा वास पसरला, म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

पात्यावर ठेवून हातोडी मारली. ब्राँझचा बारीक कीस उठला, ओल्या खोबऱ्यासारखा, वळून पडला. टोक शाबूत. म्हाताऱ्याने तो कीस चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, तेल वाया नाही गेलं," अण्णै म्हणाला.

त्याच हाताने आणखी चार करून ठेवल्या. माझ्यासारख्या माणसाला एकीवर विसंबून झोप येत नाही.

संध्याकाळी कोठारात मंडळी जमली. अम्मन पांढऱ्या कापडात गुंडाळून उभी होती. त्यांच्यातले एक पिकल्या केसांचे थोर गृहस्थ माझ्याशेजारी येऊन बसले.

"तुम्ही आसारी घरातले का?"

"नाही ऐया. मी मराठी."

"मराठी? म्हणजे तंजावर घेणारे?"

"घेणारे राजे होते. आम्ही मागून त्यांची भांडी घेऊन आलो असू."

लोक हसले. ते हसले नाहीत. "डोळे त्या घरातल्यानेच उघडावेत ना?"

मी म्हटलं, होय, तसंच करतात. आसारींचा व्हिसा आला नाही. त्यांनी त्यांची सोन्याची सळई माझ्याकडे दिलीय. तुमची हरकत असेल तर मी तुम्हाला बळ करणार नाही.

अक्का मागून म्हणाल्या, "इथे मासे साफ करता करता आपले हात कुठल्या घरातले राहिलेत, पेरियवर?"

"विचारायला हवं म्हणून विचारलं बाई. नको म्हटलं का मी?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हात दाखवा." मी दाखवले. त्यांनी ते उलटे केले, सुलटे केले, आणि परत दिले.

रात्री बायकोचा फोन. जेवलांत का, तिथलं पाणी सोसतं का, पासपोर्ट कोठें ठेवला. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. ती म्हणाली, "मग लौकर निजा." मी निजलो, खरोखर निजलो.

शुक्रवारी अक्कांच्या लग्नातल्या साडीचा पडदा केला. पडद्याआड भटजी, मी आणि ती. अम्मनच्या समोर कुणी उभं राहायचं नसतं. तिची पहिली नजर माणसावर पडू नये. बाजूने, तिरकं बसून कोरायचं. बाहेर धान्याची रास, आरसा आणि तीन लहान मुली ओळीने बसवलेल्या, त्यांच्यावर ती नजर पडावी म्हणून. गायवासरूही लागतं. त्यावरून आठवडाभर वाद झाला होता म्हणे. पोलीस गल्लीत गाय येऊ देईनात. शेवटी धान्यामागे गाईचं चित्र टेकवून ठेवलं होतं.

भटजींनी मंत्र सुरू केले. मी सोन्याची सळई उजव्या डोळ्यावर फिरवली, मग डाव्या. नुसती फिरवली, धातूला कळलंही नसेल. मग माझी छिन्नी घेतली. वरच्या पापणीची रेघ नाकाकडून कानशिलाकडे, माशाच्या पाठीसारखी. हातोडी अगदी हलकी, टिक्, टिक्, टिक्. इथे घासून परत करता येत नाही. जी रेघ पडली ती पडली. घामाचा थेंब भुवईवरून निघाला आणि मी थांबलो, खांद्याला पुसला. टिक् टिक् थांबलेली बाहेर लोकांना कळली असेल. तेवढ्यात ओळीतल्या एका मुलीचा मोठ्याने आवाज आला, "उठली का ती?" आणि अक्कांचं "श्श्".

मला हसू आलं. हसूबरोबर मानेतली गाठ सुटली. खालची पापणी झाली, बुबुळाचा गोल झाला. डाव्या डोळ्याला दुसरी छिन्नी घेतली, कारण पहिलीची धार थोडी बसली होती. काल चर्चमध्ये पाहिलेला तो खालचा डोळा आठवला आणि मी मनाशी म्हटलं, बघू, माझा कुठे बसतो ते. बसला. कीस फुंकला नाही. तोंडाची वाफ देवीवर जाऊ देत नाहीत. कापसाने टिपला.

मी बाजूला सरकलो, भटजींनी पडदा ओढला.

 मग ती मुलगी म्हणाली, "माझ्याकडे बघतेय." शेजारची म्हणाली, "माझ्याकडे." अक्का खाली बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि "ओम," म्हणाल्या, "ओम, बघतेय."

अभिषेक, आरती, सगळं झाल्यावर आसारींना फोन लावला. या खेपेला कोठारात उजेड चांगला होता. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न सोडून दिला.

"हे माझ्या हातचे डोळे नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत, ऐया."

"डावा जरा जास्त उघडलास."

"हो."

"असू दे. नव्या गावात आलीय. जरा जास्त बघू दे."

मग म्हणाले, परत आल्यावर पुढच्या मूर्तीचे तूच कर, मला आता बारीक दिसत नाही. हे इतक्या सहज म्हणाले, जणू कानस कुठे ठेवलीय ते विचारत होते. मी फोन खिशात ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.  कुणीतरी माझ्या हातात केळीच्या पानाऐवजी कागदाच्या ताटलीत पोंगल आणून दिला.

दुपारी दार उघडंच होतं. लोक पंगतीत बसले होते. गल्लीतली एक म्हातारी, काळ्या पोशाखातली, हातात बाजाराची पिशवी, आवाज कशाचा म्हणून आत डोकावली. तिला आमच्यातल्या कुणी बोलावलं नव्हतं आणि काय आहे ते कुणी सांगितलंही नव्हतं. ती चालत चालत आली आणि बरोबर अम्मनच्या समोर येऊन थांबली. क्षणभर बघत राहिली. मग एकाएकी तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, मोकळ्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले, गळ्यातला रुमाल सरळ केला, आणि कुणाच्या तरी नजरेच्या वाटेत आपण उभे आहोत असं वाटून, अदबीने एका बाजूला सरकली.